पर्लच्या बाजूची जागा

१

सकाळी आल्याबरोबर मी आधी मासळीच्या खोलीत जायची. वितळायला ठेवलेले हेरिंग मासे गार पाण्याने धुवायचे, पोट फाटलेले बाजूला काढायचे, चांगल्या माशांच्या कल्ल्यांत जीवनसत्त्वाच्या गोळ्या खुपसायच्या, बादल्या भरायच्या. हातमोजे घातले तरी बोटं बधिर व्हायची. मग एक बादली उचलून मी खालच्या काचेच्या बोळातून तलावाकडे निघायची. वरून जाणारा रस्ता जवळचा होता. पण बोळातून गेलं की जाड काचेपलीकडे पर्ल दिसायची, आणि तिला पाहिल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही.

पर्ल आमची ऑर्का, काळ्या-पांढऱ्या शिकारी देवमाशांच्या जातीतली. पोर्ट हॅल्सीच्या बंदराला लागून असलेल्या आमच्या सागरबागेत लोक यायचे ते तिच्यासाठीच. सील होते, पाणकोंबड्या होत्या, पण मुलांच्या टोप्यांवर चित्र पर्लचं असायचं. पिल्लू असताना तिला पकडून आणलं होतं. तिच्या जोडीला बॅरन नावाचा मोठा नर होता, तो आदल्या शरद ऋतूत न्यूमोनियाने मेला. तेव्हापासून पर्ल एकटी होती.

पाण्याखालचे आवाज प्रेक्षकांना ऐकू यावेत म्हणून बोळात एक कर्णा बसवला होता. तलावात माइक सोडलेला, त्याची तार या कर्ण्याला. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बाहेर दाट धुकं होतं, काचेत नुसता हिरवट अंधार. पर्ल कुठेतरी पलीकडे होती. कर्ण्यातून तिची हाक आली, वर चढत जाणारी आणि शेवटी तुटणारी. ही हाक मी इतक्या वर्षांत एवढ्या वेळा ऐकली होती की तिच्याकडे माझं लक्षही जायचं नाही.

मी दाराशी पोचले आणि थांबले.

हाकेला उत्तर आलं होतं. आवाज तसाच, चढत जाणारा, पण जाड. वयाने मोठा.

२

आमचे पंप बघायला ओरिन होता. साठी उलटलेला, कमरेत वाकलेला, जन्मभर मासेमारीच्या बोटींवर काढलेला माणूस. तोंडाने फटकळ. मी त्याला बोलावून आणलं.

"नक्कल करतेय," मी म्हणाले. "एकटी पडलीय ना. स्वतःच हाक मारते, स्वतःच उत्तर देते. ऑर्का एका वेळी दोन आवाज काढू शकतात, मी वाचलंय."

"मग मला कशाला बोलावलंस? टाळ्या वाजवायला?"

"कर्णा बिघडलाय का ते बघा. आवाज घुमत असेल."

ओरिन स्टुलावर चढला, कर्ण्याला कान लावला. तेवढ्यात पुन्हा हाक आली आणि त्या हाकेवरच, ती संपायच्या आत, दुसरी आली. ओरिन तसाच उभा राहिला. मग सावकाश खाली उतरला आणि हात पँटला पुसत राहिला. हात कोरडेच होते.

"कर्णा ठीक आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. कॉफी घ्यायला चल."

पंपघरात त्याने कॉफी ओतली, पण प्यायला नाही. तिथे पंपांचा घरघराट असायचा, मोठ्याने बोलावं लागायचं. त्या दिवशी मात्र तो इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

"पर्लला आणलं तेव्हा बोटीवर मी होतो, माहिताय ना तुला?"

"माहिताय."

"जाळ्यात तेवढं एक पिल्लू राहिलं. बाकीचे बाहेर. आम्हाला वाटलं जातील निघून. गेले नाहीत. पिल्लू ओढत आम्ही बंदराकडे निघालो, तर एक मादी शेवटपर्यंत मागे आली. हाका मारत. बोटीच्या तळातून ऐकू यायचं, हेस्टर. कानांनी नाही, तळपायांनी."

"आणि मग?"

"मग बोटीवरून एक बार निघाला. कुणी झाडला विचारू नकोस. नंतर ती दिसली नाही." त्याने कप खाली ठेवला. "मघाचा तो जाड आवाज मी आधी ऐकलाय, एवढंच सांगतो. तेव्हा तो जाळ्याच्या बाहेरून येत होता."

मला त्याचा राग आला. रागावण्यासारखं तो काही बोलला नव्हता, तरी आला. म्हाताऱ्याच्या मनात जुनी टोचणी आहे, मी स्वतःला समजावलं. एक आवाज दुसऱ्यासारखा वाटायला कितीसा वेळ लागतो?

निघताना ओरिन दारात थबकला. "ऐकलंस?"

तलावाच्या कडेने पाणी वाहून जायला एक पन्हळ होती. पाणी काठोकाठ असलं की ती गुळगुळ वाजायची. बॅरन गेला, त्याचं धूड क्रेनने उचललं, तसं पाणी दोन बोटं उतरलं आणि पन्हळ गप्प झाली होती. हिवाळाभर ती कोरडी होती.

आता ती वाजत होती.

"झडप गळत असेल," मी म्हणाले.

"असेल," ओरिन म्हणाला. त्याने त्या दिवशी सगळ्या झडपा बंद करून पाहिल्या. पन्हळ वाजतच राहिली.

३

आवाजाचं एक बरं असतं, काम काढून त्याच्यापासून लांब जाता येतं. मी बोळातून जाणं सोडलं आणि वरच्या रस्त्याने येऊ लागले. असे काही दिवस गेले. पर्ल व्यवस्थित खात होती. खरं तर बॅरन गेल्यापासून खाल्लं नव्हतं तेवढं खात होती. डॉक्टर येऊन बघून गेले, खूश झाले.

पण तिच्या पोहण्यात काहीतरी खटकत होतं. वरून कळेना. म्हणून एका दुपारी, ऊन असताना, मी मुद्दाम खाली बोळात गेले आणि काचेसमोर बसले.

पर्ल तलावाला फेऱ्या मारत होती. नेहमी ती भिंतीला घासून जायची. गोल तलावात दुसरं करण्यासारखं काय असतं? आता ती भिंतीपासून लांब, आतल्या अंगाने जात होती. भिंत आणि ती यांच्यामध्ये बरीच जागा मोकळी. प्रत्येक फेरीत तेवढीच जागा. वळणावरसुद्धा.

मग माझं लक्ष तिच्या शेपटीकडे गेलं.

शेपटी हलत नव्हती.

ती तरंगत नव्हती, वाहवत नव्हती. चांगल्या वेगाने पुढे जात होती. आणि तिचं सगळं अंग सैल होतं, झोपेत असल्यासारखं. समुद्रात ऑर्काची पिल्लं अशी पोहतात. आईच्या कुशीला चिकटून राहायचं. आई पुढे निघाली की तिच्या अंगासरशी पाणी ओढलं जातं आणि पिल्लू त्यात आयतं जातं. मी हे पडद्यावर पाहिलं होतं. पण त्यात आईसुद्धा दिसत होती.

"पंपांचा प्रवाह," मी स्वतःशी मोठ्याने म्हणाले. वर धावत जाऊन ओरिनला पंप बंद करायला सांगितलं. त्याने कशाला विचारलं नाही.

मी परत खाली आले. घरघर थांबलेली. बोळात अशी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. छताला साचलेले थेंब फरशीवर पडताना ऐकू येत होते. मी तळहात काचेला लावून उभी राहिले. पर्ल पलीकडच्या वळणावरून आली, शेपटी न हलवता, सैल, डोळा अर्धा मिटलेला. माझ्या समोरून गेली. ती आणि मी यांच्यामधून ती मोकळी जागाही गेली.

काच थरथरली. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला की घराची तावदानं थरथरतात तशी. माझ्या हाताखाली ती थरथर सुरू झाली आणि बराच वेळ, पर्ल दिसेनाशी झाल्यावरही, चालू राहिली. एखादं खूप लांब अंग अजून पुढे सरकत असावं तशी.

मी हात काढून घेतला. छातीशी धरला. 

४

आमचे मॅनेजर मिस्टर ट्रेविक. वाईट माणूस नव्हता. नोकरांची बाळंतपणं, आजारपणं लक्षात ठेवायचे. पण बॅरन गेल्यापासून गर्दी ओसरली होती आणि ईस्टरच्या सुटीत त्यांना नवा खेळ हवा होता. लोर्ना पाण्यात उतरणार, पर्ल तिला नाकावर घेऊन उसळी मारणार.

लोर्ना माझ्या हाताखाली तयार झालेली. तेवीस वर्षांची, राज्यात पोहण्याची बक्षिसं मिळवलेली. पर्लवर तिचा जीव होता.

"तिला पाण्यात उतरवू नका," मी ट्रेविकना सांगितलं. "पर्लची तब्येत बरी नाही."

"डॉक्टर म्हणतात, उत्तम आहे. वजन वाढलंय."

"मन बरं नाही तिचं."

"हेस्टर," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तूच तर शाळेतल्या मुलांना सांगतेस ना, की इथे पाहिलं नसतं तर यांच्यावर कुणी प्रेमच केलं नसतं? बाहेर समुद्रात तिला कोण ओळखतं? इथे सगळं राज्य तिला नावाने ओळखतं."

मी खरंच तसं सांगायची. मला ते पटलेलंही होतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "बाहेर तिला ओळखणारं कुणीतरी होतं."

त्यांना ते कळलं नाही. मला नीट कळलं होतं असंही नाही.

लोर्नाला मी कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. ती काळ्या पोशाखाची चेन ओढत होती.

"एक सांग," ती हसत म्हणाली, "पर्लने मला खाल्लं तर माझी गाडी तू घेणार ना? फक्त ब्रेक दाबताना देवाचं नाव घेत जा."

"लोर्ना, मी चेष्टा करत नाहीये. तिच्या बाजूला जाऊ नकोस. भिंत आणि ती यांच्यामध्ये कधीच जाऊ नकोस."

"का?"

काय सांगणार होते मी? तिथे कुणीतरी आहे, म्हणून?  तिचं हसू हळूहळू गेलं.

"तुला पाण्यात उतरायला कुणी सांगितलं नाही म्हणून तर नाही ना हे?" ती म्हणाली. "सॉरी. पण सगळे तेच म्हणतायत."

५

ईस्टरला ऊन पडलं होतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये असं ऊन क्वचित. बाकं भरली, आइस्क्रीमवाला ओरडून ओरडून थकला, पुढच्या रांगेत मुलं भिजायच्या तयारीने बसली.

मी तलावाकाठच्या फलाटावर बादली घेऊन उभी होते. वाजंत्री सुरू झाली. लोर्नाने हात उंचावून सगळ्यांना अभिवादन केलं आणि सूर मारला.

पर्ल आली नाही.

ती मागच्या छोट्या तलावाच्या जाळीदार फाटकाशी गेली होती. तिथे पाण्यात उभी राहून, डोकं बाहेर काढून, बघत होती. मी शिट्टी फुंकली. ती हलली नाही. तिच्या तोंडून एक बारीक आवाज येत होता, लहान मुलाच्या कण्हण्यासारखा. पिल्लू असतानाचे तिचे आवाज मी ऐकले नव्हते. ते असेच असणार.

लोर्ना तलावाच्या मध्यभागी वर आली, वळून तिने पर्लला शोधलं आणि मग पुढे सरकू लागली. आधी मला वाटलं, पोहतेय. तिचा एक हात लोकांसाठी वर केलेला होता. दुसरा अंगाशी. पाय जुळलेले, स्थिर.

ती कडेने निघाली. भिंतीपासून ठराविक अंतर राखून. एक फेरी झाली, वेग वाढला. लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, हाच खेळ. बाई हातपाय न हलवता पाण्यावरून चाललीय, कसं जमवलं असेल! एका माणसाने पोराला खांद्यावर घेतलं.

लोर्ना माझ्या समोरून गेली. ओठ अजून हसत होते, तसं हसायला आम्हीच शिकवायचो. डोळे मला शोधत होते.

सूर्य थेट वर होता, पाणी स्वच्छ होतं आणि तळाची निळी फरशी दिसत होती. त्या फरशीवरून लोर्नाची सावली चालली होती. लहानशी. तिच्या बाजूला, भिंतीच्या अंगाला, दुसरी एक होती. ती कुठे सुरू होते ते मला दिसलं. कुठे संपते ते बघायला मी मान वळवत गेले, वळवत गेले, आणि आता माझ्या मागेच बघावं लागणार असं झालं, तेव्हा मी बघणं सोडलं.

मग लोर्ना पाण्याखाली गेली.

टाळ्या वाढल्या. मी गुडघ्यांवर बसून तळव्याने पाणी बडवू लागले. 'माझ्याकडे ये' अशी ती पर्लसाठीची खूण. "वाजंत्री बंद करा!" मी ओरडत होते. कुणाला ऐकू जाईना. "पर्ल! पर्ल, बाळा, ये!"

पर्लने फाटक सोडलं. माझ्याकडे नाही, सरळ तलाव कापून ती भिंतीकडे गेली आणि खाली बुडाली. पाणी एकदम उसळलं, पुढच्या रांगा चिंब झाल्या, मुलं किंचाळली. त्या पाण्याबरोबर लोर्ना फलाटावर येऊन आदळली. मी तिचा पोशाख मुठीत धरला आणि मागे ओढलं, बाकांच्या पायापर्यंत ओढत नेलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

६

लोर्नाचा खांदा मोडला होता, फुप्फुसांत पाणी गेलं होतं. दोन दिवसांनी मी इस्पितळात गेले. तिची आई मला बाहेर म्हणाली, "त्या जनावराला गोळी घाला."

मी आत गेले तेव्हा लोर्ना छताकडे बघत पडली होती.

"पर्लने मला धरलंच नव्हतं," ती म्हणाली.

"माहिताय मला."

"तुला दिसलं?"

मी तिचा हात हातात घेतला. 

"ते रागावलेलं नव्हतं, हेस्टर. रागावलेलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. ते मला जपून नेत होतं. मी धडपडले की थांबायचं. श्वास घ्यायला वर ढकलायचं. मग पुन्हा." तिने डोळे मिटले. "मला कळलं की हे आता मला कधीच सोडणार नाही."

"मग खाली का नेलं?"

"तेच मी आठवतेय. आपला तलाव एवढा खोल नाही ना? मी तळाला कितीदा हात लावलाय. पण आम्ही जातच होतो खाली. गार होत गेलं. फरशी आलीच नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "शेवटी पर्ल आली. मला बाजूला सारून माझ्या जागेवर स्वतः गेली."

परिचारिका आली म्हणून ती थांबली. त्यानंतर त्याविषयी ती माझ्याशी कधीच बोलली नाही. पुढे ती देशाच्या मधोमध, समुद्र नाही अशा गावी राहायला गेली.

७

वर्तमानपत्रांनी पर्लला खुनशी ठरवलं. ट्रेविकनी तिला दक्षिणेकडे, सांता ओरेलियाच्या मोठ्या बागेला विकायचं ठरवलं. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"विकू नका. खाडीत सोडा. जाळ्याचा मोठा पिंजरा बांधू, हळूहळू शिकवू. जिथून आणली तिथे."

"तिला शिकार येत नाही. मरेल ती."

"इथे काय होणारेय तिचं?"

"हेस्टर, मला कळतं. पण माझ्या हातात नाही." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. तरी सही झालेली होती.

नेण्याच्या दिवशी तिच्या अंगाला मलम चोपडलं, ओल्या चादरी टाकल्या, कापडी झोळीत घेऊन क्रेनने उचललं. पिल्लू असताना उचललं होतं तसंच, ओरिन म्हणाला. हवेत असताना ती ओरडत होती आणि बोळातला कर्णा फलाटापर्यंत ऐकू येत होता. खालचा आवाज तिच्या आवाजावर चढत होता. क्रेनवाल्याने वरून विचारलं, "आत अजून एक आहे का?"

"नाही," ट्रेविक म्हणाले.

पर्ल पाण्याबाहेर गेली. एवढं मोठं अंग बाहेर निघालं, तरी पन्हळ वाजत राहिली. ओरिनने डोक्यावरची टोपी काढली.

ट्रक गेला. त्यानंतर बोळात एकच आवाज उरला. हाक यायची, वर चढून तुटायची. मग थांबणं. उत्तरासाठी माणूस जेवढा थांबेल तेवढं. मग पुन्हा हाक. सकाळी मी यायची तेव्हा चालू, जायची तेव्हा चालू. ट्रेविक एकदा खाली आले, ऐकत उभे राहिले. "टेप कुणी लावलीय?" असं म्हणत त्यांनी कर्ण्याची तार उपटून काढली.

कर्णा बंद झाल्यावर तो आवाज फरशीतून येऊ लागला. तळपायांतून.

आणि शरद ऋतूत याच तलावात उत्तरेकडे पकडलेलं नवं पिल्लू येणार होतं.

मग एका सकाळी मासळीची बादली न घेताच मी फलाटावर गेले. उन्हं अंगावर होती, समुद्रपक्षी ओरडत होते, कुणीही मला बघितलं असतं.  मी पालथी पडले, बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. ज्या पाण्यात मी हजारदा हात घातला होता त्यात तो घालायला मला देवाचा धावा करावा लागला.

"ती इथे नाही," मी म्हणाले. "तुमची मुलगी इथे नाही. नेली तिला."

हाका थांबल्या.

पाणी हाताखालून सरकलं आणि माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, फुटलं. मोठा फूत्कार झाला. उबट, माशांचा वास असलेला श्वास माझ्या चेहऱ्यावर आला, केस मागे उडाले, पापण्या भिजल्या. समोर पाठ नव्हती, काही नव्हतं. फक्त तो श्वास, आणि मग आत ओढून घेतलेली हवा. ती रोखून धरलेली. वाट बघत.

मी सांगितलं. सांता ओरेलिया. दक्षिणेला, किनाऱ्याकिनाऱ्याने. हायवेला लागून निळ्या छताची बाग आहे. रस्ता विचारणाऱ्या बाईला सांगावं तसं मी सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पन्हळ कोरडी होती.

८

मला हलकं वाटलं. आठवडाभर मी नीट झोपले. मग मासे धुताना एकदा बोटं थांबली, आणि मी काय केलंय ते माझ्या लक्षात आलं.

मी सांता ओरेलियाला फोन लावला. उचलणारी मुलगी आनंदी आवाजाची होती.

"पर्ल ना? अहो, छान रुळलीय! आधी काही खात नव्हती. आता नुसती मजेत असते."

"कधीपासून?"

"हे काय, या आठवड्यापासूनच."

"तुमच्याकडे पाण्यात माणसं उतरतात?"

"रोज चार खेळ होतात, बाई."

"उतरवू नका. कृपा करून. आणि मुलांना पुढे बसवू नका."

ती हसली. चिडून नाही, सवयीने. असे फोन त्यांना येत असणार. "काळजी करू नका," ती म्हणाली, "आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे."

मी नोकरी सोडली. ओरिन स्टेशनपर्यंत माझी बॅग घेऊन आला. "तू जाऊन काय करणार?" त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं.

आता मी इथे राहते. हायवेपलीकडे खोली घेतलीय, संध्याकाळी एका खानावळीत वाढते. बागेचा वर्षाचा पास काढलाय. सुरुवातीला मी दारात उभी राहून लोकांना थांबवायची, तर रखवालदारांनी हाकललं. तेव्हापासून काही बोलत नाही. चारही खेळांना येऊन पायऱ्यांजवळच्या बाकावर बसते, पाण्याला सगळ्यात जवळ. बूट काढून ठेवते. अंगात जाड कपडे घालत नाही. उडी मारायची वेळ आली तर एक क्षणही जाता कामा नये.

पर्ल मला ओळखते. माझ्यासमोरून जाताना तिचा डोळा माझ्यावर थांबतो. ती भिंतीपासून लांब, आतल्या अंगाने पोहते. तिला असं बघून मला बरं वाटतं, हेही खरं आहे. हे इथेच राहावं, तिला तिचं माणूस मिळालंय तेवढं पुरावं, असं मी रोज मनात म्हणते. पण तलाव गोल आहे आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी दोघी कुठेच पोचत नाहीत. अलीकडे पर्ल फेऱ्या सोडून अधूनमधून थांबते. काचेला चिकटून बसलेल्या मुलांकडे बघत राहते. तिच्या बाजूची जागाही थांबलेली असते. तेव्हा पाण्याच्या वर उरलेल्या काचेवर आतून, पर्लच्या तोंडापासून बऱ्याच वर, वाफ धरते आणि विरते.

काल माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. उन्हाची टोपी, हातात मक्याच्या लाह्या. तिचा मुलगा धावत पुढच्या रांगेत गेला होता. तिने माझ्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"तुम्ही रोज असता वाटतं इथे," ती म्हणाली. "मघाशी ती लाह्यावाली सांगत होती. तुमचं कुणी आत काम करतं का?"

खाली मुलाने दोन्ही तळवे काचेला लावले होते. पर्ल फेरीतून बाहेर आली आणि थांबली.

"माझं कुणी नाही," मी उठत म्हणाले. "तुमचं पोर आधी मागे घ्या."